सकाळी सहा ते संध्याकाळी सात

(आमच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त इंजिनीअर मैत्रिणीनं मांडलेलं मनोगत. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मला बोलायला बोलावलं तेव्हा विषय दिला होता, ‘मोठ्या कंपनीतली स्त्री-इंजिनीअर : एक यशस्वी वाटचाल’. मी म्हटलं, ‘यशस्वी’ काढा, वाटचाल राहू द्या. छत्तीस वर्षं एकाच कंपनीत काढली, १९८१ ते २०१७. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली मोठी कंपनी. आम्ही इंजिनं बनवायचो. नाव सांगणार नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या पट्ट्यातल्या कुठल्याही फाटकाआड घडत होतं, आणि एका नावावर सगळं ढकललं की बाकीचे मोकळे सुटतात.

पोस्टकार्डाची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. १९७४ साली टेल्कोची जाहिरात आली, स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी. ती वाचून सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. गोष्ट खरी आहे आणि आमच्यासारख्यांना तिचा फायदाही झाला. आमच्या वेळी जाहिरातीत तसं छापायची लाज वाटू लागली होती. पण या गोष्टी नेहमी दारापाशी संपतात. मुलगी आत गेली, टाळ्या. आत गेल्यावर तिचं काय होतं, तिला कुठं बसवतात, किती वर्षं बसवतात, हे कुणी विचारत नाही. मी त्याबद्दल बोलणार आहे. आणि आत बसल्यावर आपण दुसऱ्या बायकांशी कशा वागतो, त्याबद्दलही. ते बोलणं मला जास्त जड जाणार आहे.

कऱ्हाडच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजातून मी मेकॅनिकल झाले. वर्गात मी एकटी मुलगी. मुलाखतीला पाच जण बसले होते. दोन प्रश्न धातूंबद्दल विचारले आणि मग विचारलं, ‘लग्न कधी करणार?’ मी म्हटलं, ‘ठरलं की.’ एक जण हसले. त्या हसण्यावर माझी निवड झाली असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत होतं.

पहिल्या दिवशी मशीन शॉपमध्ये गेले. तीनशे माणसं, सगळे पुरुष. यंत्रं चालू होती तरी क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटलं. कामगारांना पहिला प्रश्न पडला, हिला हाक काय मारायची? पुरुष इंजिनीअरला ‘साहेब’. मला काही दिवस कुणी काहीच म्हणेना, नुसतं ‘अहो’. मग ‘बाई’ झाले, शाळेतल्यासारखी. मग ‘मॅडम’. ग्राइंडिंग मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, वडिलांच्या वयाचे, त्यांना सगळे मामा म्हणत. ते मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘साहेब’ म्हणाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच म्हणाले. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, ‘हुद्द्याला म्हणतो मी, माणसाला न्हाई.’

लोकांना वाटतं कामगार आम्हाला त्रास देत असतील. माझा अनुभव उलटा आहे. शिट्ट्या, चिठ्ठ्या हे थोडंफार झालं, पण काम येतं हे दिसल्यावर कामगारांनी मला चटकन आपलं मानलं. अडचण पांढऱ्या शर्टांची होती. त्यांना मी शॉपमध्ये नकोच होते. त्यांच्या मनात माझी जागा ठरलेली होती : ड्रॉइंग ऑफिस, पंख्याखाली.

ही जागा जुनी आहे. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-इंजिनीअरांपैकी एक, ए. ललिता, १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या. लहान वयात विधवा झालेल्या, पदरात मुलगी. पुढं कलकत्त्याच्या एका कंपनीत त्यांनी भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांचं काम केलं. आराखड्यांचं, टेबलावर बसून. तारा ओढल्या जात होत्या तिथं विधवा बाईनं जाणं त्या काळी बरं दिसत नव्हतं. मी त्यांच्याविषयी फार उशिरा वाचलं आणि मला मामांच्या मशीनचा आवाज आठवला. काम आपण करायचं आणि ते उभं राहताना बघायला जायचं नाही.

तर आता त्या एका तासाची गोष्ट.

१९८६ साल. मी तोपर्यंत क्वालिटी विभागात होते. आमच्या क्रँकशाफ्टचं रिजेक्शन अचानक वाढलं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला वाकडातिकडा दांडा, जो पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवतो. त्याच्या ज्या गोल भागावर बेअरिंग बसतं त्याला जर्नल म्हणतात. आमचं जर्नल सत्तर मिलिमीटर व्यासाचं होतं आणि त्यात फरक चालायचा फक्त वीस मायक्रॉनचा. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या पावभर समजा. सकाळी आमच्या स्टँडर्ड्स रूममध्ये तपासणी केली की रात्रीच्या मालातले जर्नल लहान भरायचे. जाड भरलं तर पुन्हा घासता येतं. लहान झालं तर पुष्कळदा भंगार.

माल सगळा तिसऱ्या पाळीतला, रात्री अकरा ते सकाळी सात. दिवसाच्या पाळीत तीच मशीनं, तेच दगड, तीच मापं, आणि माल उत्तम. प्रॉडक्शनवाले म्हणाले, रात्री लोक झोपतात. मला ते पटेना. झोपलेल्या माणसाच्या हातून चुका दोन्ही बाजूंना होतात. इथं सगळे जर्नल एकाच बाजूला, लहानच, चुकत होते. मला रात्री उभं राहून बघायला हवं होतं.

साहेब म्हणाले, ‘शक्य नाही. कायदा.’ आणि कायदा खरंच तसा होता. १९४८चा कारखाने अधिनियम, कलम ६६ : सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेखेरीज कारखान्यात बाईला कामाला लावायचं नाही, काम करूही द्यायचं नाही. राज्य सरकारला ती वेळ थोडी मागंपुढं करता येत होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच आमच्यासारख्या कारखान्यात परवानगी देता येत नव्हती. तिची स्वतःची इच्छा असली तरी.

मी घरी येऊन विचार केला. सकाळी सहा. तिसरी पाळी सुटते सातला. म्हणजे एक तास माझा होता, कायद्यानं दिलेला.

सकाळी सहाला कंपनीची बस नसे. नवरा मला पहाटे सव्वापाचला स्कूटरवर घेऊन निघायचा, फाटकावर सोडून परत जायचा आणि मग आमच्या मुलाचं आवरायचा. मूल तेव्हा एक वर्षाचं. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता. त्यांचा होकार तेवढाच. वॉचमन सहाच्या ठोक्यापर्यंत मला फाटकाबाहेर उभी करायचा. त्याचा दोष नाही, त्याला तसं सांगितलं होतं. डिसेंबर महिना होता.

तिसऱ्या दिवशी मी मशीनवरून उतरलेला क्रँकशाफ्ट हातानं धरला, आणि तो कोमट लागला. कोमट नाही, चांगला गरम. कूलंटची टाकी बघितली तर निम्मी रिकामी. रात्री ती भरायला माणूस नव्हता, त्यामुळे काम नेहमीपेक्षा तापत होतं. दिवसा तपासनीस माल टेबलावर अर्धा तास गार होऊ द्यायचे. रात्री दोन तपासनिसांऐवजी एकच, म्हणून मशीनवरून उतरलं की लगेच माप. गरम पोलाद फुगतं. एक मीटरला, एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. सत्तर मिलिमीटरचा जर्नल पंधरा अंशांनी जास्त गरम असेल तर बारा मायक्रॉन मोठा दिसणार. रात्री बरोबर दिसलेलं माप सकाळी वीस अंशांच्या खोलीत बारा मायक्रॉननं खाली. कुणी झोपत नव्हतं. उलट दोघांचं काम एक जण करत होता.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘साहेब, ते आम्हाला ठावं हाय की. पन इचारतंय कोन?’

हे वाक्य पुढं माझ्याकडंच फिरून येणार होतं, पण ते नंतर.

रिजेक्शन बसलं. अहवाल मी लिहिला, बैठकीत मांडला माझ्या साहेबांनी, कारण बैठक संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायची आणि सातला मला फाटकाबाहेर असायला हवं होतं. त्या वर्षी कंपनीनं सुधारणेबद्दल बक्षिसं दिली. पुरुषांना मनगटी घड्याळं. मला पाच लिटरचा प्रेशर कुकर. विनोद म्हणून सांगत नाही, अजून आहे घरात. तीनदा गास्केट बदललंय. चांगला कुकर आहे.

आणि १९८८ साली बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझ्याबरोबर लागलेले तिघे डेप्युटी मॅनेजर झाले. मी पर्सोनेलमध्ये जाऊन विचारलं. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, ‘मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण वरच्या जागेसाठी लाइन चालवल्याचा अनुभव लागतो. तिन्ही पाळ्या.’ मी म्हटलं, ‘मला तिन्ही पाळ्या द्या.’ ते म्हणाले, ‘आम्ही देऊ हो, कायदा देत नाही.’ कलम ६६ त्यांच्या टेबलाच्या काचेखाली टाइप करून ठेवलेलं होतं. माझ्यासाठीच ठेवलं असावं. दुसऱ्या कुणाला तिथं त्याचा उपयोग नव्हता.

हा कायदा कुणी दुष्टपणानं केला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. गिरण्यांत बायकांना दिवसरात्र राबवून घेत, त्यातून ही संरक्षणं आली. बायकांच्या रात्रपाळीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९१९चा आहे. पण संरक्षण कुणाचं आणि कशापासून? परिचारिका रात्रभर वॉर्डात उभी असते, तिला कुणी अडवलं नाही. आपल्या ऊसतोडणीच्या बायका पहाटे दोन-तीनला उठून फडावर जातात, अपरात्री मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरतात. त्यांच्या रात्रीची काळजी या कायद्याला नव्हती, कारण फड म्हणजे कारखाना नव्हे. बायकांनी रात्री काम करू नये असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. जिथं रात्रपाळीनं पुढं जाता येतं, तिथं करू नये.

मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली ते बंधन घटनाबाह्य ठरवलं. महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती झाली २०१५ साली. २०२०ची नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली, तिच्यात बाईची संमती असेल तर रात्रपाळी चालते. माझी नोकरीची बहुतेक वर्षं याच्या अलीकडची. मला डेप्युटी मॅनेजर व्हायला १९९४ उजाडलं.

मग का राहिलीस, असं माझी मुलगी विचारते. पगार चांगला होता हे एक कारण, आणि ते सांगायची मला लाज नाही. आमचं घर माझ्या नावावरच्या कर्जातून झालं. पण तेवढंच नाही. नवं इंजिन टेस्ट बेडवर पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा आधी खोकतं, थरथरतं, आणि मग एका क्षणी त्याचा सूर लागतो. तेव्हा तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांचे खांदे खाली येतात. मी ते दृश्य शेकडो वेळा पाहिलं असेल. स्टँडर्ड्स रूममध्ये दुपारी एकटीनं माप घेत बसलं की मला जी शांतता मिळायची ती देवळात कधी मिळाली नाही. हे सुख होतं. ते सोडून त्यांच्यासाठी जागा रिकामी का करायची? २००१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा आम्हा बायकांना एकेकीला बोलावून विचारलं, ‘तुमचे मिस्टर कमावतात ना?’ चौघी गेल्या. मी म्हटलं, माझ्या मिस्टरांना विचारा की त्यांची बायको कमावते का. बसू द्या त्यांना घरी. त्यानंतर मला पुन्हा बोलावलं नाही.

आता किल्लीबद्दल.

मी लागले तेव्हा मशीन शॉपमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. कायद्यात होता, कलम १९, स्त्रियांसाठी वेगळी आणि बंदिस्त व्यवस्था. प्रत्यक्षात ती ऑफिसच्या इमारतीत, चालत नऊ मिनिटांवर. जायचे नऊ, यायचे नऊ. परत आलं की घड्याळाकडं बघणारी एक नजर. मी पाणी पिणं सोडलं. वर्षभरात दोनदा लघवीचा संसर्ग, ताप, रजा. रजेच्या कारणात ‘ताप’ लिहायचे. इथं बसलेल्या सगळ्याजणींना हे ठाऊक आहे, मग त्या बँकेतल्या असोत, शाळेतल्या असोत की मंडईतल्या.

तीन वर्षं अर्ज केल्यावर १९८४ साली टूल क्रिबच्या मागं एक खोली झाली. आत एक भांडं, एक नळ, दाराला कुलूप. पुरुषांनी वापरू नये म्हणून कुलूप, आणि किल्ली माझ्या खणात. मला तो विजय वाटला. मूल झाल्यावर बारा आठवड्यांची रजा संपवून आले ती त्याच खोलीत दार लावून दूध काढून नळात सोडायचे. पाळणाघर नव्हतं. तीसहून जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर हवं असा कायदा होता, आणि आमच्या प्लँटच्या हजेरीपटावर बायकांची संख्या कधी अठ्ठावीसच्या वर गेली नाही. ही संख्या कशी राखली जाते हे मला फार पुढं कळलं.

शॉपमध्ये लोखंडाचा कीस गोळा करायला, जमीन पुसायला कंत्राटदाराच्या चौदा बायका होत्या. त्यांतल्या दोघी रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन किल्ली न्यायच्या, संडास धुवायच्या आणि किल्ली परत आणून द्यायच्या. माझ्या हातात. चार वर्षं. एकदा त्यांतल्या थोरल्या बाई दुपारी आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, जरा चावी देता का? नवी पोर हाय, तिला आत्ताच पाळी आली. कापडं भरल्यात.’ मी किल्ली दिली आणि सहज विचारलं, ‘एरवी तुम्ही कुठं जाता?’

त्या म्हणाल्या, ‘भंगाराच्या मागं.’

भंगारात काय असतं हे मला माहीत होतं. तिथं मीच माल पाठवायचे. धारेचे तुकडे, तेल, आणि पावसाळ्यात साप.

मैत्रिणींनो, माझ्या मनात त्या बायकांविषयी तिरस्कार नव्हता. मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं असतं, दिवाळीला मिठाई दिलीच होती. मला फक्त सुचलं नव्हतं. धुणारे हात दिसले, त्या हातांच्या बाईला लघवीला जावं लागत असेल हे दिसलं नाही. मामा म्हणाले होते ना, ‘इचारतंय कोन?’

मी दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. आठवड्यात पुन्हा बसलं. पर्सोनेलचं म्हणणं, ही ‘लेडी ऑफिसर’साठीची सोय आहे, कंत्राटी बायकांची जबाबदारी कंत्राटदाराची. मग मी बाजारात जाऊन तीन किल्ल्या करून आणल्या आणि टूल क्रिबच्या बाहेर खिळ्याला लावल्या. क्रिबमधला माणूस भला होता, त्यानं डोळेझाक केली. नियमानं झालं नाही ते खिळ्यानं झालं. पुढं मी कायदा नीट वाचायला घेतला तेव्हा कळलं की कंत्राटदारामार्फत लावलेली माणसंही त्यात कामगारच धरलेली होती. म्हणजे त्या चौदाजणींना मोजलं असतं तर आमची संख्या बेचाळीस. म्हणजे माझ्या मुलासाठी पाळणाघर मिळालं असतं. मी त्यांना मोजलं नाही आणि त्यात माझंही नुकसान झालं, हे उशिरा लक्षात आलं. तोवर मुलगा शाळेत जायला लागला होता.

या नंतर मी शहाणी झाले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण १९९६ची गोष्ट राहिली आहे.

माझ्या हाताखाली एक मुलगी आली, डिप्लोमा झालेली, हुशार. मशीनवर हात असा की ऑपरेटर तिला बघायला थांबायचे. दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. तिसरा महिना होता. मी त्याच आठवड्यात तिची बदली कागदपत्रांच्या विभागात केली. तिथं खुर्ची होती, पंखा होता, आवाज नव्हता. मला स्वतःला या काळात कुणी खुर्ची दिली नव्हती, म्हणून मी फार मायेनं केलं. ऑर्डर हातात दिली तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, मला का नाही विचारलं?’

मी म्हटलं, ‘तुझ्या भल्याचंच आहे.’

बोलता बोलता मला ऐकू आलं की हा आवाज माझा नाही. पाच जणांच्या त्या मुलाखतीतला आहे. १९८९ साली जर्मनीला प्रशिक्षणासाठी माणसं पाठवायची होती, तेव्हा ‘तिचं मूल लहान आहे’ असं म्हणून ज्यांनी मला न विचारता माझं नाव खोडलं, त्यांचाही असाच मऊ आवाज होता. तरी मी ऑर्डर मागं घेतली नाही. सही झाली होती, साहेबांना काय सांगणार, असं मनाला सांगितलं. ती बाळंतपणाहून परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरा होता. वर्षभर कागद लावले आणि गेली. कुठं गेली ते मला माहीत नाही. नंतर कंपनीत विशाखा निकालाप्रमाणे समिती झाली, मी वयानं ज्येष्ठ म्हणून तिची अध्यक्ष झाले, भाषणं केली. त्या मुलीला शोधलं मात्र नाही.

२०१६ साली आमच्याकडं बायकांची पहिली रात्रपाळी सुरू झाली. अकरा मुली, बस, सुरक्षारक्षक, सगळं नव्या नियमाप्रमाणे. माझ्या नोकरीचं एक वर्ष उरलं होतं. मी मागून घेऊन पहिल्या रात्री थांबले. सत्तावन्न वर्षांची होते. रात्री दोन वाजता मी शॉप पहिल्यांदा पाहिलं. दिवसापेक्षा लख्ख दिसतं. बाहेर काळोख, वर दिवे, आणि चहाची गाडी येते तेव्हा सगळे तिच्याभोवती गोळा होतात, साहेब-कामगार असा फरक जरा सैल होतो. पुरुषांना बढती याच गाडीभोवती मिळत होती हे मला कळलं. तीस वर्षं मी ज्या रात्रीसाठी भांडले ती अशी होती. पहाटे चारला पाय भरून आले आणि झोपही आली, तेही सांगते.

पण त्याआधीची गोष्ट सांगून थांबते. मुलींना संमतीचे छापील फॉर्म दिले होते. एकीनं हात वर केला आणि विचारलं, ‘सही नाही केली तर?’

एचआरचा तरुण गडबडला. म्हणाला, काही नाही, ऐच्छिक आहे. तिनं विचारलं, ‘तसं लिहून देता?’

माझ्याकडंही उत्तर नव्हतं. रात्र मिळावी म्हणून भांडताना, ती नको म्हणणारीचं काय, याचा मी विचारच केला नव्हता. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. मी वरपर्यंत जाऊन परिपत्रकात एक ओळ घालून घेतली : नकार दिल्यास वार्षिक मूल्यमापनावर परिणाम होणार नाही. मराठीत, ठळक अक्षरांत. अकरापैकी चौघींनी सही केली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मूल्यमापनाचे कागद माझ्याकडून गेले तेव्हा मी त्या चौघींना त्यांच्या कामाप्रमाणे श्रेणी दिली होती. वरून परत आले तेव्हा तिघींची एकेक पायरी खाली आली होती. कारणाच्या रकान्यात ‘लवचिकता कमी’. मी ती ओळ दाखवून भांडले. एकीची बदलून मिळाली. बाकी दोघींच्या अर्जावर निर्णय व्हायच्या आत माझा निवृत्तीचा दिवस आला. कागद मी माझ्या जागी आलेल्या माणसाच्या हातात दिले, परिपत्रकाची प्रत वर टाचून. त्यातल्या एकीचा फोन गेल्या महिन्यात आला होता, तिला त्या परिपत्रकाचा क्रमांक हवा होता. मी माझ्या वहीतून शोधून दिला.